मराठवाड्यातून स्की शिकायला जायचंय? आधी दिवस मोजा

(समोर टेबलावर एक जड प्लॅस्टिकचा बूट, शेजारी लोकरी मोज्यांचा एकच जोड.)

नमस्कार मंडळी! लातुरातून बोलतेय. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय, आणि मी तुमच्याशी बर्फाबद्दल बोलणार आहे. कारण ही सहल आत्ताच ठरवावी लागते. सोयाबीनची रास झाली, दिवाळी तोंडावर आली, की घरात विषय निघतोच, यंदा कुठं जायचं?

चार वर्षांपूर्वी आम्ही एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. सहा दिवसांत पाच ठिकाणं, आणि कागदावर छापलेलं, ‘स्कीइंगसह’. तिथं गेल्यावर दुसऱ्यांनी घालून ओले झालेले बूट पायात चढवले. एका माणसानं भाचीचे दोन्ही हात धरले, पन्नासेक पावलं खाली ओढत नेलं, फोटो काढला आणि पुढच्याला बोलावलं. भाची तेव्हा नऊ वर्षांची. गाडीत बसल्यावर म्हणाली, “आत्या, आपण स्की केलंच नाही. त्यांनीच केलं.”

ते मला फार लागलं. म्हणून पुढच्या खेपेला मी, माझा भाऊ आणि भाची, तिघंच गेलो. एकच ठिकाण धरलं, शिकवणारा एकच ठेवला आणि बर्फावर पूर्ण पाच दिवस काढले. आज तुम्हाला एवढंच पटवायचंय. यादीतली बाकीची ठिकाणं खोडा, दिवस वाढवा.

पाचच का, ते सांगते. पहिला दिवस या बुटातच जातो. (बूट उचलून) हा बघा. कडक कवच, पुढं चार बकल. पाय आत घालून टाच मागं आपटायची, मग बकल आवळायची. सरळ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. आणि मोज्यांचा जोड एकच घालायचा. आपण थंडीच्या भीतीनं दोन-तीन चढवतो, त्यानं रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. माझ्या भावानं तेच केलं होतं. अर्ध्या तासात त्याची बोटं बधिर. एक जोड काढला आणि दहा मिनिटांत पाय पुन्हा उबदार!

त्याच दिवशी पडायला आणि पडल्यावर उठायला शिकवतात. दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. उताराकडं तोंड करून उठायला गेलात की स्की तुम्हाला घेऊन निघाल्याच.

दुसऱ्या दिवशी थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे किंचित आत. स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. सांगायला दोन वाक्यं, अंगात उतरायला अख्खा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला भाची वरून आली, पाय फाकवले, आणि आमच्या शिक्षकांच्या पुढ्यात दोन हात अंतरावर येऊन थांबली. कुणी धरलं नव्हतं! तो खर्रर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. टूरवाल्यांच्या एका तासात हे कधीच मिळालं नसतं.

तिसऱ्या दिवशी वळणं. डावीकडं जायचं तर उजव्या पायावर भार. चौथ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या दिवशी अर्धा दिवस विश्रांती घ्या. पाचव्या दिवशी शरीर ते सगळं आपणहून करायला लागतं.

आता कुठं जायचं? माझं मत स्पष्ट आहे, नवशिक्यानं गुलमर्ग. उंची साधारण २,६५० मीटर. आपण राहतो पाच-सहाशे मीटरवर, त्यामुळं पहिल्या दिवशी दम लागतो. पाणी पीत राहा, पळापळ करू नका. गावाजवळच सपाट, सौम्य उतार आहेत आणि दोरीनं वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट आहेत. नवशिक्याचे पहिले दोन-तीन दिवस तिथंच जातात.

गंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारी बंद डब्यांची गाडी, दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तो १९९८ पासून चालू आहे. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. तिकीट ऑनलाइन काढावं लागतं आणि गर्दीच्या दिवसांत लवकर संपतं, म्हणून आधीच काढून ठेवा. दुसऱ्या टप्प्याचा हट्ट मात्र धरू नका. तिथं मोकळा डोंगर आहे, हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. मुरलेली माणसंसुद्धा तिथं गस्तीपथकाला विचारून, माहीतगार गाईड घेऊनच उतरतात. आपण वर जाऊन डोंगर बघावा आणि गंडोलातच बसून खाली यावं.

शिस्तीत कोर्सच करायचा असेल तर गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे. तिच्या तारखा ठरलेल्या असतात आणि जागा भरतात. कॉलेजातल्या मुलांनी आधी तिकडं चौकशी करावी.

दुसरं ठिकाण उत्तराखंडातलं औली. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर, असं दृश्य गुलमर्गला नाही. गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स तिथं असतात. पण ऋषिकेशपासून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद करावा लागला होता. निघण्याआधी रस्ता आणि मुक्काम, दोन्हींची खात्री करा. मनालीजवळचं सोलंग बर्फात खेळायला छान, शिकायला मला अपुरं वाटतं.

तारखा नीट बघा. आपल्याकडं बरेच जण म्हणतात, वेळ अमावस्या झाली की निघू. आंबील पिऊन, भज्जी खाऊन लगेच निघालात तर बर्फ नसूही शकतो! जानेवारी २०२४ मध्ये महिनाभर गुलमर्ग कोरडं होतं, खाली नुसतं पिवळं गवत. बर्फ पडला तो महिना संपता संपता. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला चिल्लई कलां म्हणतात. ती सरल्यावरचा फेब्रुवारीचा पंधरवडा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. बर्फ साचलेला असतो, थंडी थोडी उतरलेली असते. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर मात्र बोर्डाच्या तारखा आधी.

जायचं कसं? घाईवाल्यांनी छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली आणि पुढं श्रीनगर, विमानानं. पैसे वाचवायचे तर आपली सचखंड एक्सप्रेस आहेच, नांदेडहून सुटते. आम्ही परभणीला बसलो, थेट अमृतसर. तिथून कटरा, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावतेय, तीनेक तासांत. वाटेत चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो. कटऱ्याला एक मुक्काम धरा, धावतपळत गाडी पकडायला जाऊ नका. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नास किलोमीटर. बर्फ पडत असेल तर वाटेतल्या तंगमर्गला गाडी बदलावी लागते, पुढं चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच चालते. विमानानं एकूण आठ-नऊ दिवस, रेल्वेनं तेरा-चौदा. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवाच, बर्फात श्रीनगरची विमानं रद्द होतात. आणि जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, निदान एकाकडं तरी पोस्टपेड असू द्या.

कपड्यांत जीन्स अजिबात नको. भिजली की वाळत नाही, आणि ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, मधे लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. हातमोजे दोन जोड. गॉगल शोभेचा नाही, गरजेचा आहे. ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फिरतात, ती हनुवटीखाली, नाकाच्या आतसुद्धा भाजतात. लातूरचं ऊन सोसलेल्या माझ्या भावाचं नाक तिथं दोन दिवसांत सोललं. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी जरूर न्या. दुपारी डोंगरावर कागदात गुंडाळलेला धपाटा काय लागतो म्हणून सांगू!

अंगाची तयारी आजपासून. रोज उठाबशा, आणि भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबणं. रविवारी जमलं तर देवगिरी किल्ला चढा. चढण्यापेक्षा उतरताना मांड्यांवर लक्ष द्या. हळू, गुडघे सैल ठेवून उतरायचं. स्कीवर तेच स्नायू लागतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडं आभाळातून पांढरं पडलं की पोटात गोळा येतो. २०१४ च्या गारपिटीत भावाचा उभा गहू आडवा झाला होता. गुलमर्गला पहिल्या सकाळी बर्फ पडायला लागला, तर हा दारातच थांबला. मग हात पुढं केला. तळहातावर बर्फ पडला, विरघळला. खूप वेळानं म्हणाला, “ताई, हे किती हळू पडतंय.” मग तोच सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार.

तर आता कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. स्की तुमच्या हनुवटीपासून नाकापर्यंतच्या उंचीची निवडतात. बूट स्कीला जोडणारं बाइंडिंग तुमच्या वजनावर आणि तुम्हाला स्की किती येतं त्यावर बसवतात, म्हणजे पडल्यावर ते वेळेत सुटतं आणि गुडघा वाचतो. म्हणून वजन खरं लिहा. साहित्य भाड्यानं देणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला हा कागद आधीच पाठवा, आणि फोनवर एकच प्रश्न नक्की विचारा, “पाचही दिवस तुम्हीच शिकवणार ना?”