अ‍ॅपर्चरची पाती मिटणार कोण?

मंडळी, एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टरने, म्हणजे मधल्या जोडाने, बसवली की तिची पाती कोण मिटणार, हे आज बघू. आधी ही लेन्स बघा. निकॉनची ५० मिलिमीटर एफ १.८, ‘जी’ प्रकारातली. मी ती दिव्यासमोर धरतो. मधलं भोक दिसतंय? तेच अ‍ॅपर्चर, पातींनी लहानमोठं होणारं; एफचा आकडा मोठा, तेवढं ते बारीक. मागच्या रांगेला दिसणार नाही, इतकं बारीक आहे. पैसे मोजले एफ १.८ चे आणि हातात आली एफ १६. आता मागे, माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते त्या भागाच्या, आतल्या कडेला, पत्र्याची ही छोटी पट्टी आहे. तिला लिव्हर म्हणू. नखाने सरकवतो. उघडली. सोडतो. मिटली.

चार वर्षांपूर्वी हीच लेन्स सोनीच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर चढवून मी दिवे घाटात वारीला गेलो होतो. मधला अ‍ॅडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. पहाटेची वेळ, आभाळ भरून आलेलं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा चेहरा तेवढा स्पष्ट यावा आणि मागचा घाट विरघळून जावा, असं मनात होतं. पडद्यावर चित्र उजळ दिसत होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. घरी येऊन संगणकावर बघतो तर आजी स्पष्ट, त्यांच्या मागचे दोनशे लोक स्पष्ट, घाटाची वळणंसुद्धा स्पष्ट, आणि सगळ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. ऑटो आयएसओ (कॅमेरा आपोआप ठरवतो ती उजेडाची संवेदनशीलता) गुपचूप ६४०० वर जाऊन बसला होता. एफ १६ पासून एफ २ पर्यंत सहा स्टॉप होतात, आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट. सहा स्टॉप म्हणजे चौसष्टपट उजेड. एफ २ वर तोच फोटो आयएसओ १०० ला निघाला असता. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची जागा रिकामी होती, कारण लेन्सवर काय चाललंय याचा कॅमेऱ्याला पत्ताच नव्हता.

आता ही लेन्स मोकळी असताना मिटलेली का असते? याचं मूळ एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यात आहे. त्यात आपण लेन्समधूनच बघतो. पाती मिटली की व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, अंधार. म्हणून लेन्स बघण्यापुरती सताड उघडी ठेवायची आणि फोटोच्या क्षणी मिटायची, अशी सोय झाली. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा. त्यात लेन्सची स्प्रिंग पाती मिटवायला बघते आणि बॉडीतला लिव्हर ती ओढून उघडी धरतो. शटर उडताना बॉडी पकड सैल करते, फोटो निघतो, पुन्हा उघडते. जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी होती. पाती कुठे थांबायची ते आपण कडीवर ठरवायचो. त्यामुळे अशी लेन्स साध्या नळीवरही मजेत चालते. कडी एफ ४ वर, तर पाती एफ ४ वर. ‘जी’ लेन्समध्ये कडीच काढून टाकली. किती मिटायचं ते बॉडीच ठरवणार, आणि बॉडी नसेल तर स्प्रिंग आपली शेवटपर्यंत मिटून मोकळी.

म्हणून ‘जी’ लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टरलाच कडी लागते. ती फिरवली की आतून हा लिव्हर ढकलला जातो. गंमत अशी की त्या कडीवर एफचे आकडे नसतात. कुठे एक ते आठ, कुठे नुसती उघडझापीची खूण. सुरुवातीला लोक वैतागतात. पण आकडे शोधून काढता येतात. एकसारख्या उजेडातल्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (शटरचा वेग कॅमेराच निवडतो तो मोड) लावा, आयएसओ एकच ठेवा. कडी पूर्ण उघडी असताना शटर एक हजारांश दाखवतोय असं धरू. हळूहळू कडी फिरवत शटर पाचशेवर आला की एक स्टॉप मिटली, म्हणजे एफ २.५. अडीचशेवर एफ ३.५. एकशेपंचवीसवर एफ ५. प्रत्येक जागी नेलपेंटचा ठिपका द्यायचा. मी बायकोचं लाल वापरलं आणि बोलणी खाल्ली, पण तीन वर्षं ते ठिपके टिकलेत. लिव्हरचा प्रवास अगदी थोडा असतो, तेव्हा एक तृतीयांश स्टॉपची अचूकता मागू नका.

अ‍ॅडॅप्टरच्या जाडीचं गणित त्या मानाने सोपं. निकॉन एफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर, सोनी ई मध्ये १८. मधली २८.५ ची नळी झाली की लेन्स अनंतापर्यंत फोकस होते. जाडी जमली म्हणजे लग्न जमलं असं दुकानात सांगतात. पातींचं कोणी बोलत नाही.

कॅननचं दुखणं वेगळं. १९८७ मध्ये त्यांनी ईएफ माउंट आणला आणि लिव्हर, पिन, सगळं काढून टाकलं. पाती चालवायला लेन्सच्या पोटात छोटी मोटर, आणि हुकूम जातो तो सोनेरी टोकांमधून, विजेने. आधीच्या एफडी लेन्स ज्यांनी जमवल्या होत्या ते तेव्हा संतापले होते, कारण त्या नव्या बॉडीवर बसेनात. पण यंत्र म्हणून निर्णय चोख होता, असं माझं मत. आपल्या दृष्टीने परिणाम असा, की साध्या नळीवर ईएफ लेन्स बसली तर वीज नाही, आणि पाती सताड उघडी राहतात. निकॉनच्या अगदी उलट.

यावर एक जुनी युक्ती आहे. लेन्स कॅननच्याच बॉडीवर लावा, एफ ८ निवडा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं, म्हणजे पाती निवडलेल्या आकड्यावर मिटवून दाखवणारं, बटण दाबून धरा आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढा. वीज तुटली की पाती तिथेच अडकतात. आता ती लेन्स एफ ८ ची. एफ ५.६ हवं असेल तर पुन्हा कॅननची बॉडी शोधा. कास पठारावर मी मित्राच्या कॅमेऱ्यावर हे तीनदा केलं, चौथ्या वेळी तो बॅग घेऊन पुढे निघून गेला. शिवाय एसटीएम प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची कडीसुद्धा विजेवर चालते, त्या नळीवर अगदी मुक्या होतात. कॅननसाठी विजेची टोकं असलेला अ‍ॅडॅप्टर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. तो दोन्हीकडची भाषा जाणतो. एफचा आकडा कॅमेऱ्यावरच फिरतो आणि फोटोच्या माहितीतही उमटतो.

मला सगळ्यात आवडतात त्या एम ४२ च्या, आट्यांनी बसणाऱ्या लेन्स. ही हेलिओस ४४-२, झेनिट कॅमेऱ्यासोबत यायची, ५८ मिलिमीटर एफ २. हिला दोन कड्या आहेत. एकीवर एफ ५.६ लावून ठेवायचं, ती हद्द झाली. दुसरी कडी आवाज न करता उघड्यापासून त्या हद्दीपर्यंत फिरते. उघडी ठेवून फोकस करा, मग डोळा न हलवता कडी हद्दीला टेकवा, शटर दाबा. अ‍ॅडॅप्टरसाठीच बनवल्यासारखी. नंतरच्या काही एम ४२ लेन्सना मागे पिन असते. ती दाबली तरच पाती मिटतात. काहींना ए-एम (ऑटो-मॅन्युअल) असा खटका असतो, तो एम वर केला की प्रश्न मिटला. खटका नसेल तर पिन दाबणारी कडा असलेलाच अ‍ॅडॅप्टर बघून घ्या, नाहीतर कडी फिरत राहील आणि पाती ढिम्म.

एक गोष्ट चोरबाजारात जाणाऱ्यांसाठी. पातींवर तेल आलंय म्हणून विक्रेता भाव पाडतो. मूळ कॅमेऱ्यावर ती लेन्स खरंच निकामी, कारण पाती क्षणार्धात मिटायला हव्यात. अ‍ॅडॅप्टरवर तुम्ही हाताने, सावकाश, आधीच मिटवता. दोन कड्यांच्या लेन्समध्ये तर स्प्रिंगचा संबंधच नाही. काच स्वच्छ असेल तर घ्या. काचेवर बुरशीची जाळी असेल तर मात्र परत ठेवा, आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

आणि बसवून झाल्यावर शटर उडतच नसेल तर घाबरू नका. मेनूत लेन्स नसताना शटर उडू देण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.

आता ही निकॉनची लेन्स मी फिरवायला देतो. प्रत्येकाने लिव्हर एकदा नखाने सरकवून बघा. हळू, आणि मागच्या काचेला बोट लावू नका. त्यानंतर हेलिओस येईल.