सुसुकिनोच्या गल्लीतलं मिसो रामेन

श्रोतेहो, नमस्कार.

ऑफिस सुटल्यावरची एक भूक असते. ती दुपारच्या भुकेसारखी नसते. अंगातलं त्राण गेलेलं असतं, घरी जाऊन कुकर लावायचं नुसतं मनात आलं तरी नको वाटतं, आणि कोणाशी बोलायचीही इच्छा नसते. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरो शहर आहे. कामानिमित्त मी तिथे एक हिवाळा काढला. अशाच एका संध्याकाळी मी मिसो रामेनच्या दुकानात पहिल्यांदा शिरले, त्याबद्दल आज सांगते. रामेन म्हणजे गरम सुपातल्या शेवया. शाकाहारी श्रोत्यांना आधीच सांगायला हवं की या रामेनचं सूप डुकराच्या हाडांचं असतं. तरी ऐका, कारण त्यातलं बरंच काही तुमच्या ओट्यावरचंच निघेल.

साप्पोरोत एका हिवाळ्यात मिळून साधारण पाच मीटर बर्फ पडतो. जानेवारीत भरदुपारीही पारा शून्याच्या आसपास घुटमळत असतो. लोक शक्य तितकं जमिनीखालच्या रस्त्यांनी चालतात. मीही तशीच आले आणि सुसुकिनो भागात जिना चढून वर निघाले. तिथे रामेनची एक गल्ली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतकी अरुंद. दोन्ही बाजूंना एकाला एक लागून दुकानं. एका दारापाशी तिकिटाचं यंत्र होतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, आणि चिठ्ठी आत नेऊन द्यायची. शोयु म्हणजे सोया सॉसचं, शिओ म्हणजे मिठाचं आणि मिसोचं, अशी तीन बटणं मला वाचता आली. मी मिसोचं दाबलं.

आत एक लांबट फळी आणि तिच्यापुढे दहाएक स्टुलं. सगळे एकेकटे आलेले. आपल्याकडे हॉटेलात बाई एकटी बसली की वेटर विचारतो, "मॅडम, अजून कोणी येणार आहे का?" इथे कोणी विचारलं नाही, कोणी वळून पाहिलंही नाही. ही जागाच एकट्या माणसाच्या जेवणासाठी केलेली होती. दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेल्या मला त्याचा किती आधार वाटला, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

फळीपलीकडे हातभर अंतरावर स्वयंपाक चालला होता. लोखंडी कढईत डुकराची चरबी, थोडा खिमा, कांदा, लसूण आणि मूठभर मोड. हो, मोडच! कडधान्याचे लांब पांढरे मोड. मग त्या माणसाने पळीने मिसो घेतला आणि थेट तापलेल्या लोखंडावर टाकला. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी. कोजी ही तांदळावर किंवा सातूवर वाढवलेली बुरशी, तीच सोयाबीन महिनोन्‌महिने मुरवते. कच्च्या मिसोला आंबूस-खारट वास असतो. लोखंडाला लागला की तोच मिसो खमंग होतो. फोडणी करपायच्या जरा आधी घरभर पसरतो ना, त्या जातीचा वास. त्यावर गरम सूप ओतलं आणि चर्र आवाजाने दुकान भरून गेलं.

वाडगं समोर आलं, पण वाफ दिसेना. गार आहे असं समजून मी मोठा घोट घेतला आणि जीभ पोळली. वर चरबीचा पातळ थर होता, मिसळीवरच्या तर्रीसारखा. तो उष्णता आत धरून ठेवतो. उणे तापमानातून आलेल्या माणसाला शेवटच्या घोटापर्यंत गरम मिळावं, यासाठी ही सोय.

शेवया जाड, कुरळ्या आणि पिवळ्याधमक. मैद्यात कान्सुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. आपला पापडखार याच कुळातला. खाराने मैद्याला पिवळसर झाक येते आणि शेवईला दाताला जाणवेल असा चिवटपणा येतो. गरम सुपातही ती लगेच लिबलिबीत होत नाही. तरी फार वेळ ठेवली तर फुगतेच, म्हणून सगळे भराभर खातात, आणि भुरके मारून खातात. आमटी-भाताचा भुरका मारला म्हणून लहानपणी आमच्या आजीने किती वेळा डोळे वटारले असतील! इथे कोट-टाय घातलेले गृहस्थ खुशाल सुर्र करत होते. भुरक्याबरोबर हवा जाते, शेवई जरा निवते आणि वास थेट नाकात चढतो.

वर लोण्याचा तुकडा आणि मक्याचे दाणे होते. जपानचं निम्म्याहून अधिक दूध होक्काइदोत निघतं आणि मकाही तिथे भरपूर पिकतो, त्यामुळे लोणी तिथे उपरं वाटत नाही. मिसो मात्र रामेनमध्ये तसा उशिरा आला. तोक्योच्या आसाकुसात राइराइकेन हे प्रसिद्ध रामेनचं दुकान १९१० साली निघालं. मिसो रामेनचं श्रेय साप्पोरोच्या 'आजी नो सान्पेइ' या दुकानाच्या मोरितो ओमियांना देतात, आणि तो काळ १९५०च्या दशकाचा. म्हणजे पदार्थ माझ्या आईच्या वयाचा! १९७२ साली साप्पोरोत हिवाळी ऑलिंपिक भरलं, तोवर या शहराचं नाव रामेनशी पक्कं जोडलं गेलं होतं.

वाडगं रिकामं झालं. शेजारच्या गृहस्थांनी आपलं वाडगं उचलून वरच्या फळीवर ठेवलं, समोरची जागा फडक्याने पुसली आणि "गोचिसोसामा" म्हणून ते गेले. आपण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो, तसंच काहीसं. मीही तसंच केलं. उच्चार चुकला असावा, पण कढईमागच्या माणसाने मान लववली.

आता मी पुण्यात आहे. कधी उशीर झाला की पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात साधी स्पगेटी उकळते. ती पिवळी आणि चिवट होते, बरीचशी तशी. मिसो कढईत परतते, मोडाचे मूग टाकते. घरात बाकीचे झोपलेले असतात, म्हणून पंखा लावत नाही आणि भुरकाही हळूच मारते.