समुद्राखालचं पेव

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत मंदावली की थांबायचं. आत प्राणवायू कमी झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला.

उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत नेमका हाच वायू, हवेत जाऊन पृथ्वी तापवू नये म्हणून, मुद्दाम पेवात भरतात. जागेचं नाव स्लाइपनर. तिथल्या नैसर्गिक वायूतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा आणि समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवर, खारट पाण्यानं भरलेल्या वाळूच्या थरात दाबायचा. 1996 पासून हे चालू आहे. बरीच वर्षं तर वर्षाला दहा लाख टनांच्या घरात. वरचा शेल खडकाचा थर म्हणजे या पेवाचं झाकण. वायू आत कुठवर पसरलाय हे ध्वनिलहरी सोडून, त्यांचे पडसाद टिपून दर काही वर्षांनी पाहतात.

पण झाकणाला बारीक चीर पडली तर? पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो. समुद्रात बघायचं कुठं? म्हणून ऐकतात. बुडबुडा सुटताना आवाज करतो, लहान असला तर बारीक, मोठा असला तर घोगरा. 2012 मध्ये स्कॉटलंडच्या एका खाडीत शास्त्रज्ञांनी 37 दिवस तळाखाली मुद्दाम गळती केली, एकूण 4.2 टन. पाण्यातल्या मायक्रोफोननं ते बुडबुडे ऐकले. गंमत अशी, की ओहोटीला पाण्याचा दाब कमी झाला की ते वाढायचे. आणि बराचसा वायू तर बुडबुडा न होता चिखलातच विरघळून राहिला. म्हणजे नुसत्या कानावर भागत नाही, पाणीही तपासावं लागतं.

इथं खरी मेख आहे. समुद्रातले जीव श्वास घेतात, कुजणारं कुजतं, त्यानंही कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग गळती ओळखायची कशी? जिवांमुळे तो वाढला, तर पेवातल्यासारखा प्राणवायूही त्या प्रमाणात घटतो. खालून गळून आला, तर प्राणवायू तसा घटत नाही. दोन्ही एकदम मोजायचे.

जपानमध्ये तोमाकोमाईला असंच मोजत होते. 2016 मध्ये तिथंही समुद्रतळाखाली वायू भरणं सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मोजमाप ठरलेल्या रेषेच्या वर गेलं. काम थांबवलं. तपासलं तर गळती नव्हतीच! रेषा आखली होती आधीच्या एकाच वर्षाच्या नोंदींवरून.

आपल्याला हे समजावून सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेच्या पुराला 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे एका पावसाळ्यात ठरलेले नाहीत. एखादंच कोरडं वर्ष धरून रेषा आखली असती, तर दर श्रावणात भोंगा वाजला असता आणि 2019 साली, पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा, त्या भोंग्याकडे कुणी लक्षही दिलं नसतं.

तोमाकोमाईचं काम पुढं पुन्हा सुरू झालं. सप्टेंबर 2018 मध्ये होक्काइदोला, म्हणजे तोमाकोमाई ज्या बेटावर आहे तिथंच, मोठा भूकंप झाला, तरी वायू जागचा हलला नाही. नोव्हेंबर 2019 ला तीन लाख टन पुरे झाले आणि भरणं थांबलं. पाणी तपासणं मात्र त्यानंतरही चालू ठेवलं.