हट्टी दुष्काळ: स्पॅनिशमधला ‘सेकीआ’

नमस्कार मंडळी! आजचा स्पॅनिश शब्द ‘सेकीआ’. स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला सेकीआ’.

अर्थ दुष्काळ. पण थांबा. आपल्या ‘दुष्काळा’त न पडलेला पाऊसही येतो आणि रिकामी कणगीही. सेकीआ म्हणजे फक्त अवर्षण. माणसं उपाशी मरतात, त्या दुष्काळाला ‘आंब्रूना’. या दोघांची अदलाबदल करू नका. स्पेनमध्ये एका राजवटीने ती मुद्दाम केली होती.

1939 साली यादवी युद्ध संपलं आणि जनरल फ्रान्सिस्को फ्रँकोची सत्ता आली. पुढच्या काळाला तिथे ‘लोस आन्योस देल आंब्रे’ म्हणतात, भुकेची वर्षं. रेशनिंग थेट 1952 पर्यंत चाललं. दोष कुणाचा? सरकारी उत्तर ठरलेलं: ‘ला पेर्तिनाथ सेकीआ’. पेर्तिनाथ म्हणजे हट्टी, पिच्छा न सोडणारी.

पाऊस खरंच कमी झाला होता, विशेषतः चाळीसच्या दशकाच्या मध्यावर. पण सगळं देशातच पिकवू, हा हेका सरकारचा. गव्हाचे भाव बांधून ठेवले तेही सरकारनेच. मग गहू काळ्या बाजारात गेला. हे कोण बोलणार? आभाळावर ढकललं की बरं, ते खुलासा करायला येत नाही.

मग धरणांचा सपाटा लागला. थिएटरात सिनेमाआधी सक्तीचा सरकारी बातमीपट असायचा. त्यात फ्रँको धरणांची उद्घाटनं करताना इतक्यांदा दिसे की लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘पाको राना’. पाको हे फ्रान्सिस्कोचं घरगुती रूप आणि राना म्हणजे बेडूक. या पाण्यातून त्या पाण्यात उडी! (टोपणनावं ठेवण्यात स्पॅनिश माणूस पुणेकराला ऐकणार नाही.)

आजही कुणी ‘पेर्तिनाथ सेकीआ’ म्हणालं, तर त्यात बऱ्याचदा टोमणा असतो. साधा वापरही भरपूर आहे. स्ट्रायकरचे गोल आटले की ‘सेकीआ गोलेआदोरा’.

आता एक फसवा शब्द: ‘अथेक्या’. हा अरबीतून आलेला, अर्थ शेताचा पाट. व्हॅलेन्सियात कॅथेड्रलच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी 12 वाजता शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय बसतं, ते या पाटांच्या तंट्यांसाठी. निवाडा सगळा तोंडी. तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत पाटाला ‘सेक्या’ म्हणतात, जोर ‘से’वर, आणि अवर्षणाला ‘सेकेरा’. तेव्हा तिथे स्पॅनिशमध्ये दुष्काळाबद्दल बोलताना ‘की’वर नीट जोर द्या, नाहीतर समोरचा तुम्हाला पाट दाखवायला घेऊन जाईल.