सिंबिडियमला रात्रीची थंडी हवी

श्रोतेहो, नमस्कार.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांता बार्बरा आणि गोलेटा या भागात, मार्च महिन्यात घरोघरच्या अंगणांत लांब, कमानीसारख्या वाकलेल्या दांड्यांवर मेणासारखी फुले ओळीने लागलेली दिसतात. त्या ऑर्किडचे नाव सिंबिडियम. आपल्यापैकी अनेकांकडे ही कुंडी फुलांसकट येते, आणि पहिला बहर ओसरल्यावर तिला पुन्हा कधी फूल धरत नाही. या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एकच असते: झाड घरात ठेवलेले असते. सिंबिडियम घरात ठेवू नये. ते बारा महिने बाहेर, उघड्यावर असावे.

हे झाड मुळात समुद्राकाठचे नाही. मोठ्या फुलांच्या जातींचे पूर्वज सिक्कीम, दार्जिलिंग, खासी टेकड्या, ब्रह्मदेश आणि व्हिएतनाम येथील डोंगरांतून आले. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत १८८९ साली पहिला संकर फुलला, त्याचे दोन्ही पालक, पांढरे एबर्नियम आणि हिरवट पिवळे लोवियानम, डोंगरातलेच होते. त्या डोंगरांत उन्हाळा सरता सरता रात्री गार पडू लागतात आणि तेव्हाच कंदाच्या बुडाशी फुलाचा दांडा धरतो. इकडे किनाऱ्यावर पॅसिफिकच्या गार पाण्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात दिवसा ऊन असले तरी रात्र गारच असते, आणि म्हणूनच हे डोंगरी झाड इथे इतके रमले. रात्री १० ते १४ अंश सेल्सिअस, एवढा गारवा त्याला पुरतो. घरात रात्रीही २० अंश असतात. त्या उबेत पाने येतात, फूल येत नाही.

हे मला कोणी शिकवले ते सांगते.

आमच्या शेजारच्या आजीबाई घर सोडून मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी वाणसामानाच्या कागदी पिशवीत घालून सिंबिडियमचे चार कंद माझ्या हाती दिले. मी ते मोठ्या निगुतीने कुंडीत लावले आणि कुंडी दिवाणखान्यातल्या खिडकीशी ठेवली. पाच वर्षे मी त्या झाडाला जपले. पाने दीड हात लांब झाली, काळपट हिरवी, तुकतुकीत. येणारे-जाणारे कौतुक करायचे. फूल मात्र एकही नाही.

सहाव्या वर्षी जूनमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी आली. आईचे सगळे आयुष्य रत्नागिरीजवळ हापूसच्या कलमांत गेलेले. तिने आल्या आल्या त्या पानांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हे आपल्याकडे आंब्यावर येतं त्यातलंच काहीतरी दिसतंय." तिचे बरोबर होते. कोकणात आणि गोव्यात जुन्या आंब्या-फणसांवर जाड, चामड्यासारख्या पानांचे जे ऑर्किड दिसते, ते सिंबिडियमच्याच कुळातले आहे. लोक त्याला बांडगूळ समजून खरवडून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण बांडगूळ झाडाचा रस शोषते आणि ऑर्किड झाडावर नुसते बसते.

तर आई पुढे म्हणाली, "पण हे माजलंय. नुसती पालवी काढतंय. कलमाला थंडी लागल्याशिवाय मोहोर येत नाही, मग ह्याला कसा येईल?"

मी तिला समजावू लागले की हे आंब्याचे झाड नाही, परदेशी नाजूक जात आहे, बाहेर गारठेल. तिने ऐकून घेतले. ऑगस्ट उजाडला तशी एके संध्याकाळी तिने ती जड कुंडी गोणपाटावर ठेवून ओढत ओढत मागच्या अंगणात नेली आणि लिंबाच्या झाडाखाली, सकाळचे कोवळे ऊन येईल अशी ठेवली. रात्री मी ती आत आणली. दुसऱ्या दिवशी कुंडी पुन्हा लिंबाखाली. असे आठवडाभर चालले, आणि शेवटी माझी पाठ भरून आली म्हणून मी हार मानली.

सप्टेंबरअखेर त्या काळपट पानांवर पिवळसर हिरवी झाक आली. मला वाटले, झाड आजारी पडले. आज मला ठाऊक आहे की सिंबिडियमचे निरोगी पान कैरीच्या फोडीसारखे पिवळट हिरवेच असते, आणि गडद हिरवे पान म्हणजे झाडाला उजेड कमी पडतो आहे.

आईचे एक मात्र चुकले. मोहोरासाठी कलमाला पाण्याचा ताण बसावा लागतो, या अनुभवाने तिने माझ्या नकळत पाणी थांबवले होते. तीन आठवड्यांत टपोरे कंद सुकलेल्या आवळ्यांसारखे सुरकुतले. आंब्याचे मूळ खोल जाते. सिंबिडियमची जाड पांढरी मुळे कुंडीतल्या सालीच्या तुकड्यांत जेवढी ओल मिळेल तेवढ्यावरच जगतात. त्यावरून आमचा थोडा वाद झाला आणि मी आठवड्यातून दोनदा पाणी घालू लागले. म्हणून दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: थंडी हवी, पण ताण नको. गार रात्र, ओली मुळे.

आई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत निघाली. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने मला अंगणात बोलावून कंदाच्या बुडाशी आलेला, करंगळीएवढा कोंब दाखवला. मी म्हटले, नवे पान आहे. तिने माझे बोट धरून तो कोंब हलकेच दाबायला लावला. पानाचा कोंब चपटा असतो आणि दाबला तर टणक लागतो. हा गोल होता आणि टोकाशी किंचित मऊ, पोकळ लागत होता. "मोहोर आहे," ती म्हणाली.

पाडव्याच्या दिवशी त्या दांड्यावर चौदा फुले होती, फिकट गुलाबी, ओठावर, म्हणजे पुढे आलेल्या खालच्या पाकळीवर, लाल ठिपके असलेली. मी फोनवर तिला ती दाखवली, तेव्हा तिने लगेच विचारले की खालच्या एका फुलाचा ओठ सगळाच लाल का झाला आहे. मधमाशीने परागांची टोपी उचलून नेली की सिंबिडियमचा ओठ असा लालसर होतो, आणि एरवी सहा-आठ आठवडे टिकणारे ते फूल थोड्याच दिवसांत मावळते. आई म्हणाली, "माशीचं काम झालं, आता त्यानं थांबून काय करायचं?"

आता निगेविषयी थोडक्यात. दांडा दिसला की रोज रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात, कारण एक गोगलगाय एका रात्रीत सगळ्या कळ्या कुरतडते. दांड्याला सैल कापूस गुंडाळला तर ती सहसा वर चढत नाही. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नये, नाहीतर दांडा उजेडाकडे पिळवटतो. अधूनमधून गोठणबिंदूच्या जवळ जाणारी रात्र हे झाड सहन करते, पण दव गोठेल इतका कडाका पडणार असेल तेव्हा ते वळचणीला घ्यावे. दर दोन-तीन वर्षांनी, बहर संपल्यावर, कुंडी बदलावी आणि प्रत्येक भागात तीन-चार कंद राहतील असे वाटे करावेत. वाटे करताना सुरी प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरावी, कारण विषाणूचा रोग सुरीवरून पसरतो आणि त्यावर औषध नाही.

काही श्रोते हे कंद कोकणात न्यावेत का असे विचारतात. नेऊ नयेत. रत्नागिरीच्या सप्टेंबरातल्या रात्री उबदार असतात, आणि तिथे हे झाड माझ्या दिवाणखान्यातल्यासारखेच नुसती पालवी काढील. तिथे आंब्यावरचे आपले ऑर्किड आहे, ते राखावे.

आज ऑगस्टची सुरुवात आहे. कुंडी अजून घरात असेल, तर ती आज संध्याकाळीच बाहेर न्यावी आणि रात्री आत आणू नये. नमस्कार.