आयफोन की अँड्रॉइड? आधी पॅचची तारीख पाहा

मित्रहो, सुरक्षेवर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयफोन चांगला की अँड्रॉइड? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ज्यात कुणी शिरूच शकणार नाही असा फोन अजून बनलेला नाही. ज्यांतून आत शिरता येतं अशा, फोनच्या कोडमधल्या उणिवा विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यातल्या झिरोडियमने आपलं दरपत्रकच जाहीर केलं होतं. मालकाने कुठेही बोट न लावता अँड्रॉइड ताब्यात घेता येईल अशा उणिवेला सप्टेंबर २०१९मध्ये २५ लाख डॉलर भाव होता, आयफोनसाठी २० लाख. उणीव जितकी दुर्मीळ, तितका भाव जास्त. ‘अँड्रॉइड म्हणजे कच्चा’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

आयफोनवरचा एक हल्ला मात्र तपशिलात सांगायलाच हवा. २०२१मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या संशोधकांनी ‘फोर्स्डएन्ट्री’ नावाचा हा हल्ला उघडकीस आणला. आयमेसेज या ॲपलच्या निरोपसेवेवरून एक फाइल येई. नावात जीआयएफ, म्हणजे चित्राची फाइल, आत मात्र पीडीएफ. त्या पीडीएफमध्ये जेबिग-टू नावाच्या जुन्या पद्धतीने दाबून बसवलेलं चित्र होतं. ते उलगडणाऱ्या कोडमधल्या चुकीचा फायदा घेऊन, चित्र जोडण्याच्या सत्तर हजारांहून अधिक सूचनांमधून हल्लेखोरांनी फोनच्या आत चक्क एक छोटा आभासी संगणक उभा केला होता. निरोप न उघडताच पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरत असे. ॲपलने आयओएस १४.८मध्ये हे भगदाड बुजवलं. पण ज्यांनी ते अपडेट घेतलं, त्यांच्यापुरतंच.

अशी महागडी हत्यारं पत्रकार, कार्यकर्ते, विरोधक यांच्यावर वापरली जातात. ज्यांना तो धोका आहे त्यांनी आयफोनचा ‘लॉकडाउन मोड’ सुरू करावा. काही सोयी जातात, पण आत शिरण्याच्या बऱ्याच वाटा बंद होतात. बाकीच्यांचा धोका वेगळा आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

२०१५मध्ये अँड्रॉइडमधली ‘स्टेजफ्राइट’ नावाची उणीव उघड झाली. एका एमएमएसमधल्या व्हिडिओने अँड्रॉइड फोन ताब्यात घेता येत होता. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच, म्हणजे अशा उणिवा बुजवणारी दुरुस्ती, द्यायला सुरुवात केली. हा पॅच चिप बनवणाऱ्याकडून, मग फोन बनवणाऱ्याकडून फिरत फिरत तुमच्यापर्यंत येतो. स्वस्त आणि जुन्या मॉडेलपर्यंत तो उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. दरम्यान काय दुरुस्त झालं हे जगजाहीर झालेलं असतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की उणीव कुठे होती ते जाणकाराला कळतं. पॅच न मिळालेल्या फोनसाठी ही पेपरफुटीच आहे. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार? पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. महागड्या पण अपडेट थांबलेल्या फोनपेक्षा मी साधा, पण अपडेट मिळणारा फोन घेईन.

आणखी एक वाट आहे आणि तिचं दार आपणच उघडतो. अँड्रॉइडमधली ‘ॲक्सेसिबिलिटी’ परवानगी दृष्टिहीनांसाठी फार मोलाची आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे पळवणाऱ्या ॲपना हेच हवं असतं. अँड्रॉइड १३पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या फाइलींतून बसवलेल्या ॲपना ही परवानगी सहज मिळत नाही. मग भामटे फोनवर बोलत बोलत तुमच्याकडूनच तो अडसर काढून घेतात. कुणी फोनवरून ‘सेटिंग्जमध्ये जा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. शिष्टाचाराची पर्वा करू नका.

आता अँड्रॉइडवाल्यांनी आपापले फोन काढा. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘सिक्युरिटी अपडेट’ लिहा आणि समोर आलेली तारीख वाचा. ती वर्षापूर्वीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर बँकेचं ॲप त्या फोनवरून आजच काढा. आयफोनवाल्यांनी ‘सॉफ्टवेअर अपडेट’ उघडून एखादं अपडेट घ्यायचं राहिलंय का ते पाहा. तेवढं झालं की प्रश्न घेतो.