मेव्हणा क्रॉमवेलचा, बिशप राजाचा

१६५४ चा जुलै महिना, ऑक्सफर्डचं वॉडम कॉलेज. लेखक जॉन एव्हलिन इथे आलेत आणि कॉलेजचे प्रमुख त्यांना स्वतःच्या मधमाश्या दाखवतायत. पेट्या पारदर्शक, किल्ले-महालांसारख्या एकावर एक रचलेल्या, त्यामुळे माश्या न मारता मध काढता येतो. शिवाय एक पोकळ पुतळा आहे जो चक्क बोलतो, म्हणजे लपवलेल्या लांब नळीतून दुसरंच कोणीतरी बोलत असतं!

हे प्रमुख म्हणजे जॉन विल्किन्स. पेशाने पाद्री, पण १६३८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी यांनी पुस्तक काढलं की चंद्रावरही आपल्यासारखं जग असू शकतं, आणि नंतर तिथे उडत कसं जायचं याचाही विचार करून ठेवला.

काळ मात्र वाईट होता हो. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंटचं युद्ध झालेलं, १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्सचं डोकंच उडवलेलं. विल्किन्स पार्लमेंटच्या बाजूचे, तरी राजाच्या बाजूची माणसंही आपली मुलं बिनधास्त वॉडमला पाठवायची. तरुण क्रिस्टोफर रेन इथलाच, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल बांधलं. १६५६ च्या सुमारास विल्किन्सनी लग्न केलं ते थेट पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती आणि आता देशाचा प्रमुख झालेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या विधवा बहिणीशी, रोबिनाशी. कॉलेजच्या नियमाने प्रमुखाला लग्न करायला बंदी, पण मेव्हणाच देशाचा सर्वेसर्वा म्हटल्यावर सूट मिळायला कितीसा वेळ लागणार!

१६५९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचं प्रमुखपद मिळालं आणि पुढच्याच वर्षी मारलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स, राजा म्हणून परत आला, पद गेलं. दुसरा कोणी असता तर गप्प घरी बसला असता. हे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ग्रेशम कॉलेजात दोन्हीकडच्या माणसांच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीत होते, त्यातूनच रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था उभी राहिली. मग १६६६ ची लंडनची आग. सगळ्या जगाला एकच लिपी, एकच भाषा देणारं त्यांचं पुस्तक छापून होत आलेलं, तेही त्यात जळालं. परत बसून लिहिलं, १६६८ मध्ये काढलं, आणि त्याच वर्षी राजाने त्यांना चेस्टरचा बिशप केलं.

दोन्ही दगडांवर पाय म्हणणारे तेव्हाही असतीलच. मला विचाराल तर माणसांना एकत्र बसवायची त्यांना सवयच होती.

आणि हो, ती मधमाश्यांची पेटी. एव्हलिनना ती इतकी आवडली की विल्किन्सनी एक रिकामी पेटी भेटच देऊन टाकली. ती बरीच वर्षं एव्हलिनच्या लंडनजवळच्या डेटफर्डमधल्या बागेत होती आणि क्रॉमवेलच्या मेव्हण्याची ती पेटी बघायला राजा दुसरा चार्ल्स मुद्दाम आला होता.